मामाचं खातं चालत नाही

मामाने पासबुक प्लास्टिकच्या पिशवीतून काढले, त्याच्या कडा सरळ केल्या आणि व्हिसा-सल्लागार बाईंच्या टेबलावर ठेवले.

“आज अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले,” तो म्हणाला. “एक पैसा हलवलेला नाही.”

हे तो अगदी शब्दशः खरे सांगत होता. फी आणि वर्षभराचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात हवी, असे भाचीच्या यादीत लिहिलेले वाचल्यापासून त्याने त्या खात्याकडे वाकडी नजरसुद्धा टाकली नव्हती. चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्याला चार वेळा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून टोलवले होते. दुकानाचा पंखा बंद पडला, तर वर्तमानपत्राने वारा घेतला. भाची हसली तेव्हा म्हणाला, “तू परदेशात गेलीस की मी एसी बसवणार आहे, बघच.”

बाईंनी पहिले पान उघडले.

“हे खातं कुणाचं?”

“माझं.”

“तुम्ही वडील?”

“मामा.”

बाईंनी पासबुक मिटले. “मामाचं खातं चालत नाही हो. मुलीचं स्वतःचं पाहिजे, नाहीतर आईवडिलांचं. तुम्ही कायदेशीर पालक असाल, कोर्टाचा कागद असेल, तर गोष्ट वेगळी.”

“कोर्टाचा कशाला?” मामा गोंधळून म्हणाला. “नऊ वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडेच आहे ती. कुणालाही विचारा.”

कुणाला विचारायची सोय अर्जात नव्हती. आपल्याच घरातल्या पोरीसाठी कुणी कोर्टात कागद करायला जाते, हे त्याच्या डोक्यातही कधी आले नव्हते.

“आज माझ्या खात्यात टाकले तर?” भाचीने विचारले.

“मग आजपासून पुन्हा अठ्ठावीस दिवस. तुझ्या हातात आहेत एकोणीस.” बाईंचा आवाज मऊ झाला. “वडील आहेत ना?”

“आहेत,” भाची म्हणाली. “नसल्यासारखेच. बारा वर्षांत एक रुपया पाठवला नाही त्यांनी.”

मामा पासबुक पिशवीत घालत होता. ते आत जाईना. त्याने ते काढले, उलटे केले आणि पुन्हा घालू लागला.

फोन त्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून केला, भाची कॉलेजात गेल्यावर. मेहुण्यांचा नंबर डायरीत होता. बहीण गेली, मेहुण्यांनी बदलीच्या गावी दुसरे लग्न केले आणि काही महिन्यांनी ते मुलीला न्यायला आले, तेव्हा याच दुकानाच्या दारात दोघांचे कडाक्याचे वाजले होते. पोरगी तुमचे नावही काढत नाही, असे मामाने तोंडावर सांगितले होते. त्यानंतर बोलणे नाही.

“दाजी, मी बोलतोय,” तो म्हणाला, आणि मग एका दमात रक्कम, मुदत, यादी सगळे सांगून मोकळा झाला.



“किती दिवसांपूर्वीचे पैसे हवेत म्हणालास?”

“अठ्ठावीस.”

“आहेत. ते कुठून आले याचं पत्र लागेल ना? तेही देतो.”

एवढेच. एक टोमणा तरी मारायचा माणसाने! मामाने फोन ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी पाकीट दुकानात आले. बँकेचा दाखला, छापील उतारे आणि एका कागदावर मेहुण्यांचे ठळक, उभे अक्षर. मामाने नाकावरचा चष्मा कपाळावर नेला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

‘मुलीच्या खर्चासाठी मी दर महिन्याला चेक पाठवत होतो. तो परत येई. परत आला की तेवढी रक्कम मी या खात्यात भरत गेलो. खाते बारा वर्षांपासून आहे. यातली सर्व रक्कम तिच्या शिक्षणासाठी आहे.’

मामाने ते दोनदा वाचले. चेक कोण परत पाठवत असे, ते पत्रात कुठेच नव्हते.

पहिला चेक त्याने रागाच्या भरात परत केला होता. दुसरा सवयीने. पुढे एकदा सहलीच्या पैशांवरून पोरीने विचारले, “बाबा काहीच पाठवत नाहीत का?” आणि तो “नाही” म्हणून बसला. एकदा नाही म्हटल्यावर पुढचे चेक ठेवून घ्यायची सोयच उरली नाही.

पाकीट गल्ल्याखालच्या खणात जाऊ शकले असते. आलेच नाही म्हणता आले असते. मुदत टळली असती, पोरगी महिनाभर रडली असती आणि मग इथेच कुठेतरी नोकरीला लागली असती. संध्याकाळी दुकान बंद करताना दोघांनी शटर ओढले असते. हे सगळे त्याला इतके स्वच्छ दिसले, की त्याची त्यालाच भीती वाटली.

भाची आली तेव्हा पाकीट काउंटरवर उघडेच होते.

“आलं?” तिने बॅग टाकली.

“वाच आधी.”

ती उभ्यानेच वाचू लागली. मामाने गिऱ्हाइकाची एक फ्रेम उचलली आणि तिचा आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळत राहिला. उताऱ्यांची पाने उलटत होती. दर पानावर, दर महिन्याच्या सुरुवातीला, एक नोंद. सुरुवातीला छोटी, पुढे वाढत गेलेली.

“परत कोण पाठवायचं?” तिने मान वर न करता विचारले. “पत्ता चुकीचा होता का?”

हो म्हटले की झाले असते. वाट तिनेच करून दिली होती.

“मी,” मामा म्हणाला.

तिने मान वर केली.

“पैसे घेतले असते तर हक्क आला असता त्यांचा. मला वाटलं, तू जाशील.”

“विचारायचं होतंस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे, असे त्याला वाटले. “नसते गेले.”

बाहेर एक बाई चष्म्याच्या चौकटी बघत थांबली आणि पुढे गेली. भाचीने उतारे क्रमाने लावले, बँकेचा दाखला वर ठेवला, सगळे फायलीत घातले. पत्र मात्र घडी करून पर्समध्ये टाकले.

“ते अर्जाला लागेल,” मामा म्हणाला.

“स्कॅन चालतो. मूळ मी ठेवते.” मग थोडे थांबून, “त्यांचा नंबर दे.”

त्याने डायरीचे पान उघडून तिच्यापुढे धरले.

ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. मधला काचेचा दरवाजा बंद होता. फोन लागायला वेळ लागला असावा, कारण ती एकदा केस मागे सारत रस्त्याकडे वळली आणि पुन्हा दुकानाकडे तोंड करून उभी राहिली. मग तिचे ओठ हलले. पुढचे काही मामाला कळले नाही. पहिला शब्द तेवढा ओठांवरून कळला: ‘बाबा’.