न वितळणारं आइस्क्रीम

पोलंडमधल्या कुत्नो गावच्या चौकात झेनोबियाचं मिठाईचं दुकान होतं आणि बरोबर समोर तेओदोरचं आइस्क्रीमचं. तेओदोर उन्हाळाभर दुधाचं आइस्क्रीम विकायचा. झेनोबिया मात्र बारा महिने ‘गरम आइस्क्रीम’ विकायची. म्हणजे अंड्यातलं पांढरं कढत पाकात फेटून घट्ट फेस करायचा, कोनात भरायचा आणि वर चॉकलेटची टोपी चढवायची. दूध नको, बर्फ नको.

“बाई फेस विकते! मी तो दाढीला लावतो,” तेओदोर गिऱ्हाइकांना सांगायचा.

“लावता तर दाढी दिसते कशी?” झेनोबिया पलीकडून ओरडायची. वीस वर्षं हेच चाललेलं.

एकोणऐंशीच्या जानेवारीत बर्फानं गाव पुरलं. त्याच आठवड्यात शनिवारी तेओदोरच्या मुलीचं, बोझेनाचं लग्न. सकाळीच तो टोपी हातात घेऊन झेनोबियाच्या दारात उभा राहिला.

“झेनोबियाबाई, केक वॉर्साहून निघालेला, पण गाडीच बर्फात रुतलीय. साठ माणसं यायचीत.”

“मग तुमचं खरं आइस्क्रीम वाढा की!”

“दूध कुठाय? आणि असल्या थंडीत खाणार कोण?”

झेनोबियानं तो क्षण मनसोक्त चाखला. मग म्हणाली, “कोट काढा, बाह्या वर करा. वीज गेलीय, हातानंच फेटायचंय.”

तिनं चुलीवर पाक चढवला. तेओदोर अंड्यातलं पांढरं फेटत राहिला. दंड भरून आले, कपाळावर घाम आला.

“थांबलात तर फेस बसेल हं,” ती पाकाची धार सोडत म्हणाली.

“हे खूळ तुमच्या डोक्यात आलं तरी कुठून?”

“कृती आईची. पण विकायला लागले ते माझ्या लेकीमुळे, योलांतामुळे. तिचा घसा सारखा धरायचा. डॉक्टरांनी थंड बंद केलं, आणि ही रोज तुमच्या काचेला नाक लावून रडायची.”

तेओदोरचा हात थबकला. “ती लाल स्वेटरवाली? मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम हेरायला पाठवता तिला. हाकलायचो मी.”

“माहितीय. फेटा आता.”

त्यानं मान खाली घालून फेटायला घेतलं, मघापेक्षा जोरात.

दुपारी घसरगाडीवर परातींत उभे कोन घेऊन दोघं लग्नाच्या हॉलमध्ये शिरले. एकही कोन वितळला नव्हता. बोझेनानं दोन खाल्ले आणि नाकाला फेस लागलेल्या नवऱ्याला बघून हसून हसून बेजार झाली. तेओदोरनं कोपऱ्यात जाऊन त्या फेसाचा आयुष्यातला पहिला घास घेतला, मग दुसरा.

“कसं आहे?” झेनोबियानं विचारलं.

“गोड आहे हो,” तो पुटपुटला. “माझी चूकच झाली त्या पोरीच्या बाबतीत.”

त्या उन्हाळ्यापासून त्याच्या दुकानात कुणी पोर खोकलं की तो स्वतः त्याचा हात धरून चौक ओलांडायचा. “बाई, ह्याला तुमचा दाढीचा फेस द्या,” म्हणायचा, आणि एक कोन आपल्यासाठीही मागायचा.