देवाचं खळं

श्रावणातल्या एका सकाळी इंद्रभानने माठातून तांब्या भरला आणि पाणी पाहून त्याचं तोंडच उतरलं. गढूळ! संग्रामपूर तालुक्यातल्या त्याच्या गावाला सातपुड्यातल्या झऱ्याचं पाणी येतं. तेच असं झालं, तर गावाने प्यायचं काय?

कारण त्याला ठाऊक होतं. झऱ्याच्या वर खडकाळ पठार आहे. खडकावर दुधाच्या सायीएवढा मातीचा थर, त्यात शेवाळ, इवलं गवत, इवली फुलं. हाच थर पाऊस धरून ठेवतो आणि झऱ्याला थेंब थेंब देतो. रविवारी शहरांतून डोंगर चढायला येणारी मंडळी फोटोपायी तोच तुडवत होती.

संग्रामपूरच्या बाजारातले कापड व्यापारी बशीरभाई लहानपणी याच झऱ्याचं पाणी प्यायलेले. त्या ओढीने त्यांनी डोंगर राखायला निधी दिला आणि विश्वासाने इंद्रभानच्या हाती सोपवला. पठ्ठ्याने पहिलं काम काय केलं? पठाराच्या मधोमध एक मोठा दगड शेंदरी रंगवला. म्हणे, यापुढे कोणी जायचं नाही! पंधरवड्यात त्या दगडासमोर नारळ फुटू लागले. येणारा प्रत्येक जण त्याला प्रदक्षिणा घालू लागला आणि भोवतालचं उरलंसुरलं गवतही गेलं.

आता तारेचं कुंपणच घालायचं, असं ठरवून तो जागा मोजायला वर निघाला. सोबत तानुबाई होत्या. त्यांचा जन्म या डोंगरावर शेळ्या चारण्यात गेलेला.

"काऊन बाप्पा, देव तं तूच बसवला नं?" त्या हसल्या. "गोट्याले शेंदूर फासला, मंग लोकं पाया पडनारच. इथं काय हाए, हे त्यायले सांगितलं का कोनी?"

"शिकलेले लोकं हाएत माय ते. त्यायले काय सांगा लागते?"

"शिकलेले असतीन. पन त्यायले डोंगर कोनी शिकवला?"

इतक्यात आठ-दहा तरुण मुलं-मुली गवतातून सरळ दगडाकडे निघाली. इंद्रभान ओरडला, "अबे, हटा तिथून!" कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तानुबाई मात्र शांतपणे पुढे झाल्या.

"पोरी, तुमच्या घरी शेती हाए का?"

"हो आजी, देऊळगाव राजाकडे," पुढची मुलगी म्हणाली.

"मंग खळ्यात चपला घालून जातं का कोनी?"

"छे! खळ्यात धान्य मळतात, तिथे चपला घालून कसं जाणार?"

"हे देवाचं खळं हाए माय. इथं पानी पिकते. तुह्या पायाखाली आमच्या गावचा माठ हाए."

मुलगी थबकली. तिने खाली पाहिलं आणि वाकून बुटांची नाडी सोडायला लागली!

"बूट नोको काढू, काटे हाएत!" तानुबाईंनी तिला धरलं. "फकस्त खडकाखडकानं चाल."

आणि ती सगळी मंडळी एकामागे एक, खडकावर पाय ठेवत परत फिरली. इंद्रभान बघतच राहिला. आपल्या रंगाच्या डब्याला जे जमलं नाही, ते या माउलीच्या चार शब्दांनी केलं!

तो तडक बशीरभाईंकडे गेला. "भाई, माह्यं चुकलं. कुंपन नोको. हा पैसा येनाऱ्या लोकायले शिकवाले लावू."

"हाव, बिल्कुल!" बशीरभाई म्हणाले. "आन् पहिली मास्तरीन तानुबाई!"

निधीतून गावातल्या सहा जणांना वाटाडे म्हणून तयार केलं. शेंदरी दगड सन्मानाने पायथ्याशी आणला. आता प्रदक्षिणा तिथेच होते, आणि त्याच्यापाशी अर्धा तास बसून खळ्याची गोष्ट ऐकल्याशिवाय कोणी वर चढत नाही.

पुढच्या श्रावणात माठातून नितळ पाणी निघालं. इंद्रभानने पहिला तांब्या तानुबाईंच्या हाती दिला. त्याचे डोळे भरून आले होते. "माय, तुह्ये उपकार फिटनार नाहीत."

"माह्ये कायचे? त्या पोरीचे मान," तानुबाई म्हणाल्या. "तिनं आयकलं."

वाचकहो, डोंगर तुडवणारे सगळेच वाईट नसतात, बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून डोंगरासाठी चार पैसे द्याल, तेव्हा ते आधी सांगणाऱ्या माणसावर खर्च करा. आणि कोणी सांगितलंच, तर त्या मुलीसारखे थांबा!