भिंगरीची शिट्टी

गाडी चढाला लागली की तिची शिट्टी वाजायची. बारीक, लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखी. हर्षल माझ्या मांडीवर बसून ओठांचा चंबू करायचा आणि तशीच शिट्टी काढायला जायचा. निघायची फक्त लाळ. तो नुकता वर्षाचा झाला होता आणि त्याला बाळदमा होता, त्यामुळे माझे कान कायम त्याच्या छातीशी. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, एवढं नीट ऐका. घाबरायचं नंतर." मी दोन्ही एकदमच करायची.

त्या दिवशीही तो माझ्या मांडीवरच होता. २००४ सालचा मार्च. माझ्या नवऱ्यानं, गोरक्षनं, नवी बंद बॉडीची व्हॅन घेतली होती, टर्बो डिझेल, आणि एका हॅचरीची एक दिवसाची कोंबडीची पिल्लं पोचवायचं काम त्याला लागलं होतं. क्लीनर बहिणीच्या लग्नाला गेलेला, वाटेत पिल्लांवर नजर ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून मी. आणि मी म्हटल्यावर हर्षल आलाच, त्याचं औषध, दुपटी आणि थर्मास यांच्यासकट.

निघताना मॅनेजरनं बजावलं होतं, "गाडी चालती ठेवा. चालत्या गाडीत झडपांतून वारं खेळतं. उन्हात उभी केलीत तर पिल्लं माना टाकायला वेळ लागत नाही." त्यात सकाळी पिल्लं हातात यायलाच उशीर झाला होता आणि ऊन चांगलंच वर आलं होतं.

पिल्लं होती करंजाळीच्या आत एका पाड्यावरच्या बायांच्या बचत गटाची. गटानं सोबतीला चतुराबाईंना धाडलं होतं. कपाळावर गोंदण, हातात छत्री, आणि तोंडाला विश्रांती नाही. गटातल्या बायांचे नवरे पहिल्यापासून टवाळी करत होते म्हणे, ह्या बाया काय कोंबड्या सांभाळणार म्हणून. "तुला सांगते बाई," खिडकीशी बसत त्या म्हणाल्या, "एकदा का मेलेली पिल्लं पाड्यावर उतरली, की परत एक बाई माझं ऐकायची नाय. पयलीच खेप हाय. हीच जित्ती गेली पायजे."

हसत म्हणाल्या. पण छत्रीची मूठ घट्ट धरलेली मी पाहिली.

आता त्या शिट्टीचं सांगायला हवं. गाडी घेतली तेव्हा सातपूरच्या शोरूममध्ये ड्रायव्हर लोकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. मी बी. एस्सी. फिजिक्स, घरी बसून कंटाळलेली. गोरक्ष म्हणाला, चल. सगळ्या पुरुषांत मी एकटी, मांडीवर पोर. शिकवणाऱ्यानं टेबलावर एक उघडलेला टर्बो ठेवला. शंखासारखी दोन लोखंडी घरं आणि आत एकाच दांडीवर दोन भिंगऱ्या! इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका भिंगरीला फिरवतो, दांडी एकच, म्हणून पलीकडची भिंगरीही फिरते, आणि ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. जोरात फिरताना ती वाजते, तीच ही शिट्टी. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, आणि तेवढंच इंजिन दुप्पट हिमतीनं ओढतं. फेकून द्यायच्या धुराला कामाला लावलं होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाईंना मी जत्रेतल्या दोन भिंगऱ्या एका काडीला अडकवून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे चुलीच्या धुरावरच फुंकणी चालती, असंच ना?" याहून सोपं मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

त्याच शिबिरात एक गोष्ट मी गाठीशी बांधली. चढ चढून आल्यावर भिंगरी भयंकर वेगानं फिरत असते आणि तापलेली असते. इंजिन लगेच बंद केलं तर तिच्या दांडीला तेल पोचत नाही, आहे ते तिथंच करपून बसतं. म्हणून गाडी थांबली तरी जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं. गोरक्षला जुन्या टेम्पोची सवय, गाडी थांबायच्या आधीच हात किल्लीवर. मी ओरडायची, "थांब, भिंगरी!" एका कॉलेजातले आम्ही, त्यामुळे घरात अरे-तुरे. चारचौघांत मात्र अहो.

करंजाळी मागं टाकून आम्ही आतल्या रस्त्याला वळलो. ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला की पाड्यापर्यंत सलग चढ. गोरक्षनं गिअर टाकला, शिट्टी चढत गेली, हर्षलनं चंबू केला, आणि फट्!

शिट्टी गेली. तिच्या जागी फूऽऽस असा आवाज. गाडी म्हाताऱ्यासारखी रेंगाळली आणि आरशात बघते तर मागं काळाकुट्ट धूर.

"गेला," गोरक्ष म्हणाला. "टर्बो गेला."

पहिल्या गिअरमध्येही गाडी चढ घेईना. त्यानं तशीच ती मागं सोडत ओढ्याकाठच्या आंब्याखाली आणली. सावली होती, पण वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. चतुराबाई तोवर खाली उतरून मागचं दार उघडून आत शिरल्याही होत्या.

"बाई! इकडं ये!"

मी हर्षलला कडेवर घेऊन धावले. एका खोक्याचं झाकण त्यांनी वर केलं होतं. आत पिवळा गलबला, आणि त्यातली किती तरी पिल्लं चोच उघडून धापा टाकत होती. एवढ्याशा छात्या वरखाली, वरखाली. ही धाप मी रोज बघते. घरी तिच्यावर औषध आहे. इथं काय द्यायचं?

"झाकणं काढते आन् वारा घालते," चतुराबाई म्हणाल्या. "पर बाई, ह्यांचा आवाज बसत चाललाय. तुमी काय ते लवकर करा."

गोरक्ष बॉनेट उघडून डिझेल फिल्टरशी खटपट करत होता. "डिझेलात कचरा असेल. नाहीतर टर्बोच. परत फिरू या, सपाटीला जाईल हळूहळू."

"एवढं अंतर? ह्या उन्हात? अहो, डिझेल कमी पडत असतं तर धूर काळा आला असता का?"

"म्हणजे?"

"काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण जळायला हवा नाही! हवा कमी पडतेय."

"तेच म्हणतोय ना मी, टर्बो गेला."

"अरे गेला कसा? घरघर आली का? खरखर आली का? नुसतं फूस झालं. तू रेस कर, मला ऐकू दे."

आतून चतुराबाईंचा आवाज आला, "मघाशी अहो व्हतं, आता अरे झालं! मंग होतंय काम."

मी हर्षलला त्यांच्याकडे दिलं, पदर खोचला आणि इंजिनावर वाकले. गाडी नुसती चालू असताना काहीच नाही, शांत. गोरक्षनं रेस केल्याबरोबर फूऽऽस. सोडली, थांबला. पुन्हा रेस, पुन्हा फूस. जोर लावला की येतो, सोडला की जातो! म्हणजे भिंगरी फिरतेय, हवा ढकलतेय, आणि ती इंजिनात पोचायच्या आत वाटेतच निसटतेय.

"छाती चांगली आहे! नळी सुटलीय!" मी ओरडले.

गोरक्षनं इंजिन मंद ठेवलं. मी ओढ्याकडे बघत मनात सावकाश आकडे म्हटले आणि मगच त्याला बंद करू दिलं. तेवढं थांबणं जिवावर आलं, पण भिंगरीच करपली असती तर सगळंच बोंबललं असतं. मग हर्षलचं दुपटं हाताला गुंडाळून मी टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप चाचपत गेले. वरून दिसायला जागच्या जागी. खालच्या बाजूला मात्र तेलकट काळी धूळ पंख्यासारखी पसरलेली, आणि पाइप ओठासारखा उघडा. त्याला आवळून धरणारी लोखंडी पट्टीची क्लिप नुसती लोंबत होती. आवळून आवळून स्क्रूचे आटे गेलेले.

"रविवारी गाडी धुताना सगळ्या क्लिपा कुणी आवळल्या होत्या?" मी विचारलं.

"घट्ट असाव्यात म्हणून..." गोरक्ष पुटपुटला.

"झाल्या घट्ट."

त्यानं तारेचा तुकडा शोधला, पाइप बसवला, पक्कडीनं पीळ दिला. गाडी सुरू केली, रेस केली. क्षणभर शिट्टी आली, मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि फट्! तार सरकली, पाइप पुन्हा बाहेर. एवढ्या दाबाला तार कुठली पुरते! इंजिन मंद धडधडत राहिलं. गाडीच्या आतला चिवचिवाट आता कुजबुजीएवढा झाला होता.

"ती काय मोडली, दाखव," चतुराबाई हर्षलला खांद्यावर टाकून आल्या. त्याच्या हातात त्यांच्या गळ्यातली पोत, आणि तो चक्क खूश. मी आधी त्याची छाती ऐकली. साफ. मग त्यांना क्लिप दाखवली.

"ही व्हय? ही तर भिकाच्या मशीनला हाय!"

ओढ्याच्या वरच्या अंगाला पाण्याचं इंजिन धडधडत होतं. कधीपासून ऐकत होते मी, पण गाडीच्या नादात त्याच्याकडे लक्षच नव्हतं. चतुराबाईंनी हर्षलला माझ्याकडे दिलं आणि बांधावरून अशा सुटल्या की छत्री मागंच राहिली. मी त्यांच्या मागं. गोरक्ष झाकण हातात घेऊन पिल्लांना वारा घालायला उभा.

"ए भिका! तुझ्या पायपाची क्लिप दे!"

वांग्यांच्या सऱ्यांत उभा असलेला माणूस मागं वळला. "देतो की. मशीनच घेऊन जा. मी बादलीनं पाणी घालतो."

"घाल. कुसाबाईचीबी पिल्लं हायेत त्या गाडीत. मेली तर सांजला भाकर कोण वाढतंय ते बघ."

कुसाबाई म्हणजे त्याची बायको. चतुराबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मशीन बंद पडलं होतं. भिकानं पान्हा आणला, क्लिप सोडवली, चिखल पुसून माझ्या हातावर ठेवली आणि वर विचारलं, "सक्शनची हाय, पाणी वढायच्या पायपाची. बसंल का?"

बसली! गोरक्षनं पाइप नीट पुसला, तेलाचा टिपूस ठेवला नाही, पाइप आत सारला, क्लिप चढवली. मी त्याच्या मनगटावर नजर ठेवून. "बेतानं... अजून एक पीळ... बस! बस म्हटलं ना!"

इंजिन सुरू. रेस. मी कान लावला. फूस नाही. आणि मग ती आली. बारीक, वर वर चढत जाणारी. हर्षलनं माझ्या कडेवर चंबू केला आणि मी त्याचे इतके पापे घेतले की तो रडायला लागला.

चढावर आम्ही तिघंही पुढं झुकून बसलो होतो, जणू आम्हीच गाडी ओढत होतो. शिट्टी भरून वाजत होती. आरशात बघितलं, धूर नावाला नाही. झडपांतून वारं घुसलं असणार, कारण दुसऱ्या वळणावर माझ्या डोक्यामागच्या जाळीतून एक चिवचिव आली, मग दुसरी, मग विचारूच नका. चतुराबाईंनी जाळीला कान लावला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बस्स.

"बोलाया लागली गं!"

पाड्यावर बाया वाटच बघत होत्या. गाडी थांबली, दारं उघडली, खोकी हातोहात कुडाच्या घरात जाऊ लागली. गोरक्षचा हात सवयीनं किल्लीकडे गेला, मी तोंड उघडलं, पण त्यानं हात आपणच मागं घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भिंगरी."

"सगळी जित्ती हायेत का?" चुलीपाशी खोकं उघडत एकीनं विचारलं.

"मोजून घे," चतुराबाई म्हणाल्या. दोन-तीन पिल्लं मलूल होती. त्यांच्या चोची त्यांनी एकेक करून पाण्यात बुडवल्या. शेवटचं पिल्लू मान झटकून उभं राहिलं तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं, डोळ्यांपासून खालपर्यंत.

एक बाई मात्र बॉनेटपाशी थांबून आत वाकून बघत होती. "ही आमच्या मशीनची क्लिप! रंग मीच लावला व्हता. माझ्या धन्यानं दिली? आपणहून?"

"आपणहून," चतुराबाई म्हणाल्या. "मी फकस्त तुझं नाव घेतलं, कुसाबाई."

बाया हसल्या ते पार ओढ्यापर्यंत गेलं असेल. गोरक्षनं त्याच गलक्यात किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. शिट्टी उतरत उतरत विरून गेली. मी सवयीनं हर्षलच्या छातीला कान लावला. पण कुडाच्या आतून असा काही चिवचिवाट उठला होता की मला दुसरं काहीच ऐकू येईना.