गेरूची खूण

टेम्पो पाचला यायचा होता आणि तीन वाजता सुकन्याने पाहिलं, की चित्रावर कुणीतरी गेरूचा बोटभर जाड पट्टा ओढला आहे.

चित्र आठ फूट बाय चार फुटांचं. शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात लोणी देवकरला एक नवा कारखाना उघडत होता, त्याच्या दर्शनी भिंतीसाठी. शाळेत चित्रकला शिकवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. पण परक्या भिंतीवर जाणारं हे तिचं पहिलंच चित्र. तिथल्या साहेबांनी छोटं रेखाटन पसंत करून बजावलं होतं, "बाई, हेच हवं. मागाहून बदल नको." म्हणून तिने रेखाटनावर बत्तीस चौकोन आखले, कॅनव्हासवर बत्तीस आखले आणि एकेक मोजूनमापून भरला. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हतं; नुसते पिवळे, मातकट, करडे आकार एकमेकांना रेटत होते. सगळं जागच्या जागी होतं. तरी आठ दिवस तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जेवता जेवता उठायची, शेडमध्ये चित्रासमोर उभी राहायची आणि काय खुपतंय ते न कळून परत यायची.

"आबा!"

तिचे वडील गेणबा शेडच्या दारातच बसले होते. लोणी भापकरातली ती शेड एकेकाळी त्यांच्या मेंढरांची. मेंढरं विकून नऊ वर्षं झाली, पण तेलात कालवलेल्या गेरूचा डबा काही त्यांनी टाकला नव्हता.

"ह्ये तुमी केलं?"

"व्हय. परक्याच्यात चाललंय न्हवं? मग खूण नको?"

"मेंढरू हाय का ते?"

"काय हाय ते तुलाच ठावं. घरातनं जितराब भाईर निघालं की पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, गेरू लावायचा, येवढं मला कळतं. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी वळखू येतं."

तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि पट्टा पुसला. गेरू निघाला, पण खालचा अर्धवट वाळलेला पिवळाही निघाला आणि कॅनव्हास पांढरा उघडा पडला. रेखाटन बघून तिने तो चौकोन पुन्हा भरला. ठिगळ दिसलं. खरवडून पुन्हा भरला. ठिगळच. चार वाजले.

ती मटकन खाली बसली. मग मान वर करून म्हणाली, "आबा, ह्याचा पुठ्ठा कुठला, ते तुमाला कसं कळलं?"

गेणबांना प्रश्नच खुळा वाटला. "तोंड खिडकीकडं हाय, मग पुठ्ठा हिकडंच आसंल की. समदं निघालंय खिडकीकडं, आन तू त्याला जाळीत कोंडल्यावानी केलंयस."

सुकन्या उठून मागे सरकली. तिने रेखाटन पालथं घातलं, रंगाच्या सुरीवर घोंगडीसारखा काळा रंग घेतला आणि विचार करायच्या आत ठिगळावरून खिडकीच्या दिशेने ओढला. चार चौकोन ओलांडून हात थांबला. मग सवयीने तिने पट्टी उचलली, मोजलं आणि त्या काळ्याला तोलायला खालचा करडा आकार वीतभर वाढवला.

टेम्पोतून कारखान्याचा कारकून रविराज उतरला. हातात रेखाटनाची झेरॉक्स.

"मॅडम, हा काळा ह्यात दिसत नाही."

"नाही."

"साहेब फार कडक आहेत हो. परत पाठवतील."

तिने गेरूचा डबा उचलला. "आबा, आता पुठ्ठा कुठं?"

गेणबांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "फिरलं की गं ह्ये! आता हितं."

तिने अंगठा गेरूत बुडवला आणि त्यांच्या बोटाखाली चार अंगुळं सोडून ओढला.

"वर सांगितलं मी!"

"मेंढरं तुमची हुती, आबा. ह्ये माझं हाय."

"आता हे आणि काय?" रविराजने विचारलं.

"खूण," गेणबा म्हणाले. "तुमच्या सायबानं हाकललं, तर घर सापडाया नको व्हय त्येला?"

चित्र उभं बांधून टेम्पो निघाला. वळणावर ते सबंध दिसलं, आणि सुकन्याच्या ध्यानात आलं, की वरचा उजवा कोपरा अजून कोंडलेलाच आहे. ती धुरळ्यातून दहा पावलं टेम्पोमागे धावली. मग थांबली आणि अंगठ्यावरचा गेरू पदराला न पुसता तशीच उभी राहिली.