मापाचं ब्लाऊज

लग्नात माही योगिनी चौतीस होती. तिचे सहाही ब्लाऊज मीच शिवले, मले नाही तं कोणाले माहीत राहीन? उन्हाळ्यात सोनाळ्याहून, तिच्या सासरहून, तिचं मापाचं ब्लाऊज आलं ते भरलं बत्तीस. अन् आता दिवाळीच्या आधी दुसरं आलं, ते मशीनवर पसरून टेप लावला तं तीस. बाप्पा, आठवीत होती तवा तीस होती ती पोरगी.

आमच्यात असं हाये, पोरीले लेकरू होईस्तोवर मायबापानं तिच्या घरी जेवाचं नाही. म्हणून लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी मी सोनाळ्याले पाय ठेवला नाही. सगळा कारभार पिशवीचा. जावई सागरराव मलकापूरले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले, अन् आमचे मालक, योगिनीचे बाबा, धामणगावहून भाजी घेऊन तिथल्याच बाजारात जातात. इकडून पिशवीत परसातले वांगे, चवळीच्या शेंगा, अन् कढईत रेती तापवून घरीच भाजलेली नानकटाई. तिकडून कापड अन् मापाचं ब्लाऊज.

आता कापड तं पाहा. एक राखाडी, एक तपकिरी. चोवीस वर्षाच्या पोरीले असे रंग कोण घालाले लावते? मी फोन केला.

"काऊन वं, एवढी वाळली तू?"

"नाही वं आई, बरी हाये मी."

"मंग हे माप?"

"जे पाठवलं त्याच मापाचं शीव न. अन् ऐक, हूक पुढून घे. डाव्या बाजूले टक्स नको घेऊ, आतून मऊ कापडाचा खिसा लाव."

ब्लाऊजच्या आत खिसा बाई कवा मागते? काही लपवाचं राह्यलं तवाच. म्हणजे माही पोरगी त्या घरात काहीतरी लपवून राह्यली. कोणापासून, ते का मले समजत नाही?

मंग म्हणे नानकटाई जरा मऊ कर, चावत नाही. चोवीस वर्षाच्या पोरीले नानकटाई चावत नाही, दात पाडले का काय कोणी? वांग्याचं विचारलं तं म्हणे घरात तिखट चालतच नाही आता, मुगाचं वरण अन् दुधी.

झालं. माह्या डोळ्यापुढं पुष्पाबाई उभी राह्यली, माही विहीण. भरल्या अंगाची, मांडवभर आवाज, अन् रुखवतातला लाडू हातात घेऊन चार बायांदेखत "लहानच वळले" म्हणणारी. हीच माह्या पोरीले उपाशी ठेवून राह्यली. मालकाले बोलली तं ते म्हणे, "तुले दोरी दिसली का साप वाटते." वाटते तं वाटते. टेपवर दोन सुतानं कुठं फरक पडला ते माणसाले काय समजते?

ब्लाऊज मी शिवले. पण एकेका टाक्यासंगं त्या बाईले शिव्या घातल्या. "माह्या पोरीच्या तोंडचं खाऊन राह्यली, तुह्या अंगी नाही लागणार," असं म्हणत काजं केले.

अन् मंगळवारी, मालक बाजारात गेल्यावर, पिशवीत ते ब्लाऊज अन् टेप टाकला, दोन एसट्या बदलल्या अन् सोनाळ्याले उतरली. म्हणलं आपल्या हातानं माप घेतो. पोरगी खरंच तीस भरली तं तिले संगं घेऊनच येतो, मंग विहीण बोंबलो का जावई बोंबलो.

दार योगिनीनंच उघडलं. मी आधी तिचे दात पाह्यले. सगळे जागेवर. गाल वर आलेले, दंड बाहीत मावत नव्हते. छत्तीसच्या खाली नव्हती बया. जीव भांड्यात पडला माहा, अन् त्याच्यामागून असा राग आला.

"मंग मी तीसचे कोणाचे शिवून राह्यली वं?"

ती हात धरून मले आतल्या खोलीत घेऊन गेली.

खाटेवर पुष्पाबाई बसली होती. मी ओळखली नाही. डोक्याले रुमाल, गळ्याची हाडं वर आलेली, अन् अंगात मी उन्हाळ्यात शिवलेलं ब्लाऊज. डावी बाजू सपाट होती.

"मागच्या थंडीत अकोल्याले ऑपरेशन झालं," योगिनी खाली पाहून म्हणे. "गाठ होती. ती बाजूच काढली. त्या खिशात कापसाची घडी ठेवतात. औषधानं तोंड सोलून निघते त्याईचं, काही चावत नाही. गावात शिवाले टाकलं असतं तं सांजच्या आत गावभर झालं असतं. अन् सुनेच्या मायले कसं सांगावं म्हणून त्याईनं मले शपथ घातली. मंग मी माह्याच नावानं पाठवून राह्यली."

मले धरतीत जावं वाटलं. काजं करता करता काय काय बोलली होती मी, ते सगळं आठवलं.

पुष्पाबाईच बोलली. आवाज पार बारीक झाला होता.

"कोकिळाबाई, तुमच्या हातचं टोचत नाही. विकतचं टोचते. आता समजलंच तं माप घेऊनच टाका."

मी टेप काढला. तिनं उजवा हात वर केला. डावा वर जात नव्हता, तो मी माह्या खांद्यावर ठेवून घेतला अन् टेप फिरवला. अठ्ठावीस. पुन्हा फिरवला, अठ्ठावीसच.

ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

"किती भरलं?"

"तीस," मी म्हणलं. "जे पाठवलं होतं तेच हाये."

"मंग हे अंगातलं एवढं सैल काऊन होते?"

चाळीस वर्षं झाले मी मशीनवर बसतो. माह्या हातचं कापड बिघडलं असं मी कोणाले म्हणू दिलं नाही.

"मीच ढिलं शिवलं," म्हणलं. "माही कात्री चुकली."