माहेरची माणसं येईपर्यंत

माझी जाऊ सारजा गेली त्या दिवशी मी काय केलं, ते मीच लिहिते. गावात ते सतरा तऱ्हांनी सांगतात, माझ्या तोंडावर मात्र कुणी सांगत नाही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वेडंवाकडं आहे, पण लिहिते ते खरं.

बेडशात आमचं घर तीन बायांचं. मी आणि सारजा, दोघींचे नवरे गेलेले, आणि माझी लेक नंदा. नंदा सात वर्षांची असताना तिला देवी आल्या. एक डोळा गळून गेला, दुसऱ्यात फूल पडलं. उजेड कळतो, माणूस कळत नाही.

पासष्ट साली लोणावळ्याहून सरकारी दवाखान्याची जीप आली. देवळापुढं पडदा बांधून चित्रं दाखवली. मेल्यावर डोळे द्या, आज कागदावर सही करा. डॉक्टरनं नंदाचा डोळा बॅटरीनं पाहिला आणि म्हणाला, फुलाखालचा डोळा जिवंत आहे, वरचा पडदा बदलला तर पोरीला दिसेल. मी तिथल्या तिथं म्हटलं, माझा एक काढा, मला एक पुरतो.

"बाई, जिवंत माणसाचा डोळा आम्ही घेत नाही," तो म्हणाला.

मग मी मेल्यावरचा लिहून दिला. माझ्यामागं कुणी येईना. पुढल्या जन्मी आंधळं व्हायची सगळ्यांना भीती. मी ऐकवलं, ह्या जन्मी डोळे असून तुम्ही काय पाहिलंत, दुसऱ्याच्या बांधावरचे आंबे. शेजारची झुंबरबाई त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलली नाही. अंगठा दिला तो एकट्या सारजानं.

दोन वर्षांनी सारजाच्या पोटात गाठ झाली. वाचत नाही हे तिला आमच्याआधी कळलं. म्हणाली, माझं डोळं नंदीला. मी लोणावळ्याला जाऊन डॉक्टरला सांगून आले, घरची म्हणून तिच्या कागदावर सहीही केली. त्यानं समजावलं ते मी पाठ केलं. जीव गेल्यापासून सहा तासांच्या आत. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा. आणि नंदाला तयार ठेवा, त्याच जीपमधून तिला पुण्याला नेतो, एक डोळा तिचा.

सारजा पहाटे पाचला गेली. शेजारचा गेणू सायकलवर कामशेतला पळाला. तिथून डॉक्टरला फोन करायचा आणि तसंच पुढं आंदर मावळात सारजाच्या भावाला सांगावा द्यायचा. नंदानं धुतलेलं लुगडं नेसलं, गाठोडं बांधलं आणि सारजाच्या उशाशी बसली. कापूस सुकला का ते बोटानं चाचपायची, तांब्यातलं पाणी थेंब थेंब सोडायची.

साडेआठला जीप आली. डॉक्टर पेटी घेऊन उंबऱ्यात आला, आणि मी आडवी आले.

बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय, भावानं तोंड पाहिल्याशिवाय तिला हलवायची नाही, ही आमची रीत. पण खरं सांगायचं तर रीत ही वरची गोष्ट. सारजाचा नवरा गेला तेव्हा तिच्या भावानं, हनुमंतानं, माझ्या अंगणात भर माणसांत म्हटलं होतं की आमची पोर तुमच्या घरात येऊन निम्मी झाली. बारा वर्षं ते वाक्य मी गिळून होते. त्याच्या पुढ्यात सारजा सबंध ठेवायची होती मला.

डॉक्टर म्हणाला, तुम्हीच तर सही केलीत.

"सही माझी हाय, पोर त्येंची हाय. त्येंनी तोंड बघितल्याबिगर तिला कुणी हात लावायचा न्हाई."

त्यानं हात जोडले. आत कापूस भरून पापण्या मिटतो, कुणाला ओळखूही येणार नाही, असं सांगितलं. मी म्हटलं, मला येईल. कदाचित मी हलले असते. पण झुंबरबाई कुडापलीकडून बोलली, "का गं, आता तुला भ्या वाटाय लागलं व्हय?" चार बाया हसल्या. मग तर मी उंबऱ्यातच बसले.

नंदा एकदाच बोलली. "आये, ऊन कुटवर आलंया?"

ऊन तुळशीपाशी आलं होतं, म्हणजे दहा वाजून गेले होते. मी म्हटलं, अजून लांब आहे. भाऊ येतच असतील.

अकरा वाजले. डॉक्टर अर्धा तास आणखी थांबला, मग पेटी उचलून जीपकडं गेला. जीपचा आवाज ओढ्यापलीकडं जाईपर्यंत नंदा मान तिकडं करून बसली होती. नंतरही ती कापूस ओला करत राहिली.

हनुमंत तीन वाजता आला, काखेत लुगडं घेऊन. सारजाच्या पायाला हात लावला, वर पाहिलं, आणि म्हणाला, "डाक्टर येऊन गेला का?"

मी म्हटलं, तुमच्यासाठी थांबवला होता.

तो नंदाच्या गाठोड्याकडं पाहत राहिला. म्हणाला, "आक्का, तिनं संक्रांतीलाच सांगितलं व्हतं मला. मी व्हय म्हनलं व्हतं. आमाला तोंड बघायचं व्हतं. मेल्या माणसाचं डोळं मिटल्यालंच असत्यात की."

मी त्याच्या काखेतलं लुगडं घेतलं आणि सारजावर पसरलं.

दिवस झाल्यावर मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, नाव लिहून ठेवलंय, पण पुढं दोनशे माणसं आहेत. पुन्हा म्हटलं, माझा काढा. त्यानं मान हलवली. माझी नजर धड आहे, दात सगळे आहेत, अंगात काही दुखत नाही. सुईत दोरा मी एका झटक्यात ओवते.

परवा नंदाला म्हटलं, मी गेले की सांगावा कुणालाच धाडू नको, पहिलं कामशेत गाठायचं.

ती तांदूळ निवडत होती, बोटांनी खडा शोधत. म्हणाली, "मी कशी जाऊ, आये?"