फिशटँकमधलं इसाबेला

सबनिसांकडच्या गणपतीला या वर्षी मखर होतं, मोदक होते, आणि बाजूला पंधराव्या शतकातलं एक दिवाळखोर गाव होतं.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या टू-बेडरूममध्ये देखावा ठरवायचा मान कायम सुरेश सबनीसचा. आजवर त्याने थर्माकोलचा बुर्ज केला, थर्माकोलची मेट्रो केली, आणि एका वर्षी थर्माकोलचा हिमालय केला होता, तो एसीच्या वाऱ्याने आरतीच्या ताटात कोसळला. या वर्षी छाया म्हणाली, "अहो, यंदा मी करणार." आणि कुणाचा तरी जुना फिशटँक उचलून आणला.

छाया जेबेल अलीला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. वय एक्कावन्न. दोन हिवाळे ती वीकेंडला शारजाच्या वाळवंटात एका उत्खननावर खापऱ्या धुवायला जात होती. बाकीच्या बायका ब्रंचला, ही टूथब्रश घेऊन वाळूत. येताना चेहरा असा उजळलेला, की सुरेशला आधी संशय आला आणि मग खापऱ्यांचा मत्सर वाटायला लागला.

आता तिला खरंच मोठं काहीतरी दिसत होतं. खालच्या मजल्यावरच्या शहनाझभाभींची भाची नबिला मुकादम. मूळची रत्नागिरीची, शारजात शिकवते, आणि दर जानेवारीत टीम घेऊन कॅरिबियनमध्ये जाते: कोलंबसने अमेरिकेत वसवलेलं पहिलं गाव, ला इसाबेला, तिथे खणायला. टीममध्ये एकच जागा उरली होती. छायाने तीन सर्टिफिकिटं पाठवली, तर नबिलाचा उलट फोन.

"छायाताई, कागद नकोत मला. माती वाचता येते का, तेवढं बघायचंय. बुधवारी खालाकडे येणार आहे, तेव्हा गणपतीही बघते नि तुमचा देखावाही."

म्हणजे फिशटँक ही परीक्षा होती. छायाने चार रात्री जीव ओतला. काचेतून थर स्पष्ट दिसायला हवेत. तळाला शिंपले, ते तिथल्या मूळच्या ताइनो लोकांचे. वर लाल कौलांचा चुरा, ते स्पॅनिश गाव. त्यावर काळी माती, म्हणजे गाव सोडून गेल्यानंतरची शतकं. आणि स्पॅनिश थरात मधोमध, काचेला लागून, चकचकीत करडा दगड, शहनाझभाभींच्या सुरम्याचा. त्यांच्या अम्मीने रत्नागिरीहून आणलेला.

"सांभाळ हां, आमच्या अम्मीची आठवण आहे," शहनाझभाभी म्हणाल्या.

"डोळ्यात तेल घालून सांभाळते."

"डोळ्यात सुरमा घाल, तेल कशाला?"

पहिल्या आरतीनंतर छायाने पाहुण्यांना गोष्ट सांगितली. सतरा जहाजं भरून माणसं आली, सोन्या-चांदीच्या आशेने. मिळाला ताप आणि उपासमार. ताइनोंचे तर हाल कुत्रा खाईना, त्यांच्याकडून सोनं वसूल करता करता त्यांचीच वस्ती संपवली. शेवटी उरलेल्या स्पॅनिशांनी असंच, सुरम्याच्या दगडासारखं चकचकीत खनिज भट्टीत घातलं, चांदी काढायला. चांदी नाहीच, शिसं निघालं. आणि पाचशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या शिशाची कुंडली मांडली, तर खनिज स्पेनचंच! धातू पारखायला म्हणून त्यांनीच घरून आणलेलं.

"म्हणजे बघा," छायाचे डोळे भरून आले होते, "लोक मेले, गाव मेलं, राजाला पाठवलेल्या बढाया राहिल्या. पण कचरा खरं बोलला. आणि तो ऐकणारी माणसं केवढी चिकाटीची!"

सगळे भारावले. सुरेशही. फक्त त्याच्या डोक्यात एवढंच उरलं: चकचकीत, चांदी.

आता सबनिसांकडे पाच दिवस माणसांची रीघ. आणि मराठी माणसाला देवाजवळ खड्डा दिसला की त्याचा हात खिशात जातो. मंगळवारपर्यंत इसाबेलात दिरहमची नाणी, बडीशेप, दोन सुपाऱ्या, फुटाणे आणि कुणाचं तरी पार्किंगचं टोकन पडलं होतं. छायाने ठरवलं, बुधवारी ऑफिसमधून लवकर येऊन नीट करू.

पण बुधवारी सुरेशने हाफ डे घेतला. प्रोफेसर बाई येणार, घर कसं हवं? त्याने पडदे बदलले, फॅन पुसला, टीव्हीचा रिमोटही पुसला. मग त्याची नजर फिशटँककडे गेली. किती हा केर! त्याने वरची काळी माती पोळपाटाने दाबून सपाट केली, ती कमी वाटली म्हणून कुंडीतली आणखी घातली, आणि त्यावर ठिपक्यांची सुबक रांगोळी काढली. त्याच्याआधी, अर्थातच, काचेजवळ खड्डा करून "चांदी" काढून घेतली. एवढी माणसं येतात-जातात, कोण कसा! पण जागा रिकामी दिसू नये म्हणून शवर्म्याची फॉइल चुरगळून तिचा गोळा आत बसवला.

मुलगी अवनी कॉलेजमधून आली. तिने बघितलं. "बाबा. मम्मा इज गोइंग टू किल यू."

"अगं, क्लीन केलंय."

"एक्झॅक्टली."

छाया, नबिला आणि शहनाझभाभी लिफ्टमधून एकत्रच बाहेर पडल्या. नबिलाने आधी गणपतीला हात जोडले, मोदक खाल्ला, "मस्त, आमच्या रत्नागिरीसारखा," म्हणाली. मग सगळे फिशटँकजवळ आले.

छाया बघतच राहिली. इसाबेलावर मोराची रांगोळी होती.

"छान दिसतं ना?" सुरेश म्हणाला. "पाहुणे यायचे, म्हणून जरा लेव्हल केलं."

नबिलाने एक मोठा श्वास घेतला, आणि मग ती जे हसायला लागली! तिला सोफ्यावर बसावं लागलं.

"भाऊ, तुम्हाला माहितीये का? खऱ्या इसाबेलातसुद्धा हेच झालं होतं म्हणतात. मागच्या शतकात मोठे पाहुणे यायचे होते. वरून हुकूम आला, जागा स्वच्छ करा. खालच्या लोकांनी बुलडोझर आणला आणि गावाचे अवशेषच समुद्रात ढकलले!"

"स्वच्छता झाली ना पण?" सुरेश हळूच म्हणाला.

जानेवारी हातातून गेला. छायाला रडायला येत होतं, आणि लाटणं कुठे आहे हेही आठवत होतं.

"छायाताई," नबिला डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही केलेले थर तर तुम्हाला पाठच असणार. त्यात कसली परीक्षा? आता हे वाचा. यल्ला, चला!"

छायाने साडीचा पदर खोचला. तिची छोटी थापी आणि टूथब्रश आणला, आणि गुडघ्यांवर बसली. मग थापी मातीला लागली आणि घर, पाहुणे, नवरा, सगळं मागे गेलं.

"वर रांगोळी. ही आजची, बोटं पुसल्याची खूण काचेवर आहे. खाली माती दाबलेली, गोल वस्तूने. पोळपाट. कारण कडेला पीठ आहे." ब्रश फिरला. "ही कुंडीतली माती, माझी नाही. खताचा वास येतो. तिच्याखाली फुटाणे नि नाणी, म्हणजे माझी जुनी जमीन इथे होती. लोक हिच्यावर येऊन गेले, मग भर पडली."

शहनाझभाभींनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "या अल्ला, ही तर पोलीस आहे."

थापी लाल थरात पोचली आणि फॉइलचा गोळा चमकला. छाया थांबली. एवढंच म्हटलं तरी पुरलं असतं, की दगड मिळाला नाही म्हणून मीच फॉइल ठेवली. परीक्षा तिथेच सुटली असती, नवऱ्याची अब्रूही वाचली असती.

"ही वस्तू या थराची नाही," छाया म्हणाली. "मी ठेवलेली नाही. काचेतून बघा, वरपासून इथपर्यंत काळ्या मातीची एक उभी पट्टी उतरलीय. कुणीतरी वरून खड्डा केला, माझं काहीतरी काढलं आणि हे घातलं. फुटाणे खड्ड्यात खालपर्यंत घसरलेत, म्हणजे पाहुण्यांच्या नंतर. आणि गोळ्याला लसणाची चटणी आहे."

सगळ्यांनी सुरेशकडे बघितलं. काल रात्रीचा शवर्मा एकट्या त्यानेच खाल्ला होता.

सुरेश आत गेला आणि छायाच्या मंगळसूत्राची डबी घेऊन आला. आत मखमलीवर, एखाद्या वंशपरंपरागत रत्नासारखा, सुरम्याचा दगड.

"चांदी होती ना. म्हणून... सेफ ठेवली."

"चांदी नाही, शिसं आहे त्यात!" छाया ओरडली. "पाच दिवस हेच सांगतेय मी!"

"पाचशे वर्षांपूर्वीही एक सुरेशभाऊ होता तिथे," नबिला म्हणाली. "तो मात्र डबीत न ठेवता भट्टीत घालून बसला."

शहनाझभाभींनी दगड उचलून पर्समध्ये टाकला. "अम्मी असती तर हसून हसून मेली असती. पुन्हा मेली असती."

नबिला उठली. चपला घालताना दारातून म्हणाली, "तिकीट काढा, छायाताई. चुकीची वस्तू आपल्याला हव्या त्या थरात दिसली की लोक गप्प बसतात, मीसुद्धा एकदा बसले होते. तुम्ही नवरा समोर असताना बोललात! फक्त एक अट. हे भाऊ इथेच राहतील."

"इन्शाल्ला," छाया म्हणाली, आणि दार लागल्यावर फिशटँकशेजारीच मटकन बसली. मग ती आणि अवनी इतक्या हसल्या, की सुरेशलाही शेवटी हसावं लागलं. त्या रात्री भांडी त्याने घासली. पोळपाट दोनदा.

जानेवारीत एअरपोर्टला निघताना छायाने सवयीने बॅग पुन्हा उघडली. थापी, ब्रश, टोपी, मेतकूट, लसणीची चटणी. आणि तळाला, मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. सुरम्याचा दगड.

"अहो!"

"शहनाझभाभींना विचारून घेतलाय," सुरेश म्हणाला. "म्हटलं, तिकडे काहीच नाही सापडलं, तर रिकाम्या हाताने कशाला यायचं?"

छाया त्याच्याकडे बघत राहिली. सतरा जहाजं घरून निघाली, तेव्हा बंदरावर अशीच प्रेमळ माणसं उभी असणार. तिने दगड त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ बंद केली.

"हा इथेच ठेवा. देव्हाऱ्यात ठेवा. पण आमच्या खड्ड्यात नको."